अकरावीच्या अर्जातला जीवशास्त्राचा रकाना

दहावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यात एकच प्रश्न फिरू लागतो: सायन्स की कॉमर्स? सायन्स ठरले की पुढचा प्रश्न असतो गणित की जीवशास्त्र, आणि तो बहुतेक घरांत पाच मिनिटांत निकालात निघतो. मुलाला इंजिनियरिंगला पाठवायचे, म्हणजे गणित. मुलीला डॉक्टर किंवा नर्स करायचे, म्हणजे जीवशास्त्र. कोणी कॉम्प्युटरचे नाव काढले तर त्याला बायफोकल. अर्ज आता राज्यभर ऑनलाइन भरायचा असतो, त्यामुळे चुलतभावाच्या मोबाइलवर किंवा सायबर कॅफेत ही सगळी उरकाउरकी होते.

या पाच मिनिटांबद्दल मला लिहायचे आहे. पशुवैद्यक होण्याचा रस्ता आपल्या मुलांसाठी तिथेच उघडतो किंवा बंद होतो. बारावीच्या निकालाला किंवा नीटच्या गुणांना आपण नंतर दोष देतो, पण पंधरा-सोळाव्या वर्षी जीवशास्त्राचा रकाना रिकामा राहिला असेल तर पुढची कुठलीच मेहनत कामाला येत नाही.

शिरवळ किती जवळ आहे

पुण्याहून साताऱ्याकडे येताना नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा सुरू होतो आणि पहिले मोठे गाव लागते शिरवळ. तिथे 1988 पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. सातारच्या प्रतिसरकारचा हा नेता ज्यांच्या जोरावर इंग्रजांशी लढला ती माणसे शेतकरी आणि पशुपालकच होती, त्यामुळे हे नाव त्या इमारतीला शोभते. हे सरकारी महाविद्यालय आहे. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली ते चालते. याच विद्यापीठाची पशुवैद्यक महाविद्यालये मुंबई, नागपूर, परभणी आणि उदगीर इथेही आहेत. मुंबईतले परळचे महाविद्यालय तर 1886 सालचे.

म्हणजे कराड, मिरज, इस्लामपूर, फलटण, वाई इथल्या मुलामुलींसाठी हे घराजवळचे सरकारी महाविद्यालय आहे. आपल्यातले कितीतरी जण पुण्याला नोकरीला जाता-येता त्याच्या अंगावरून जातात. मीही त्यातलाच. सॉफ्टवेअरमध्ये काम करत असल्यामुळे मोहल्ल्यातले पालक मला विचारतात ते कॉम्प्युटरबद्दल. शिरवळला काय शिकवतात, असा प्रश्न मला आजवर दोघातिघांनीच विचारला असेल.

नियम काय सांगतो

पदवीचे नाव बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा. साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष प्रत्यक्ष कामाचा अनुभव, म्हणजे इंटर्नशिप. प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे चार विषय हवेत. खुल्या प्रवर्गाला या चारांत मिळून किमान 50 टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना त्यात सूट आहे. यात इंग्रजी धरले जाते हे लक्षात ठेवा. ‘इंग्रजीत पास झालो की पुरे’ म्हणणारा विद्यार्थी इथे स्वतःचे नुकसान करून घेतो.

ही झाली पात्रता. निवड मात्र नीटच्या गुणांवर होते. एमबीबीएससाठी जी नीट, तीच ही.

अमेरिकेत वेगळी पद्धत आहे. तिथला विद्यार्थी आधी तीन-चार वर्षे कॉलेजात जातो, तिथे सेंद्रिय रसायनशास्त्र, जीवरसायनशास्त्र, आनुवंशिकी, सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र असे विषय निवडून आपला अर्ज भक्कम करतो आणि मग पशुवैद्यकाच्या चार वर्षांच्या पदवीला अर्ज करतो. कुठला विषय घ्यावा याचा विचार करायला त्याला विशीपर्यंत सवड मिळते. आपल्याकडे हीच निवड दहावीनंतरच्या सुट्टीत करावी लागते. घरात विज्ञान शिकलेले कोणी नसेल तर ती निवड विचार न होताच होऊन जाते.

रस्ता कुठे बंद होतो

राज्य मंडळाच्या अकरावी सायन्सला इंग्रजी सक्तीचे. त्यानंतर एक दुसरी भाषा, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, आणि मग गणित, जीवशास्त्र किंवा भूगोलासारख्या विषयांतून निवड. बायफोकल घेतले की दुसरी भाषा आणि एक विषय जातो, त्यांच्या जागी 200 गुणांचा कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखा विषय येतो. हा विषय गुण देणारा म्हणून लोकप्रिय आहे. इंग्रजी, भौतिक, रसायन, गणित आणि कॉम्प्युटर अशी मांडणी झाली की जीवशास्त्राला जागाच उरत नाही. त्या विद्यार्थ्याला बारावीत 90 टक्के मिळाले तरी शिरवळच्या दृष्टीने तो अपात्र.

मी स्वतः प्रोग्रामिंगवर पोट भरतो, म्हणून हे सांगायला मला संकोच नाही. कॉम्प्युटर नंतर शिकता येतो. कला शाखेचा पदवीधर, पशुवैद्यक, बी.एस्सी. झालेली मुलगी, सगळे पुढे कोड लिहायला शिकू शकतात आणि शिकतात. बारावीचे जीवशास्त्र मात्र नंतर भरून काढायचे म्हणजे पुन्हा परीक्षेला बसणे आणि एक-दोन वर्षे घालवणे. जे नंतर मिळणारच आहे त्यासाठी जे नंतर मिळणार नाही ते सोडू नका.

मग काय घ्यावे? माझे मत असे.

ज्याला गणिताची भीती नाही त्याने इंग्रजी, दुसरी भाषा, भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र असा पूर्ण गट घ्यावा. ओझे जास्त आहे, पण दोन्ही बाजू मोकळ्या राहतात. याच विद्यापीठाची दुग्धतंत्रज्ञानाची बी.टेक. पदवी आहे, तिला गणिताचा गट लागतो. मत्स्यविज्ञानाची पदवी आहे, तिला जीवशास्त्र लागते. एका मुलाने दोन्ही विषय घेतले तर पशुवैद्यक, दुग्धतंत्रज्ञान, मत्स्यविज्ञान, फार्मसी आणि इंजिनियरिंग असे पाचही पर्याय त्याच्यापुढे राहतात.

ज्याला गणित खरोखरच जड जाते त्याने ते सोडावे आणि त्या जागी झेपेल असा विषय घ्यावा. गणितापायी भौतिकशास्त्राचा वेळ गेला तर नीटमध्ये फटका बसतो. पण जीवशास्त्र सोडायचे नाही, भौतिक-रसायन सोडायचे नाही आणि इंग्रजी दुर्लक्षायचे नाही. सगळी निवड या चौकटीत करायची.

कोणत्या विषयाला किती वेळ

नीट 720 गुणांची. त्यात जीवशास्त्राला 360, भौतिकशास्त्राला 180 आणि रसायनशास्त्राला 180. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलेल्याला एक गुण वजा. अर्धे गुण जीवशास्त्राचे, म्हणून मुले त्यावरच बसतात. पण जीवशास्त्रात बऱ्याच जणांना चांगले गुण पडतात. वर जाणारा आणि मागे राहणारा यांच्यात फरक पाडते ते बहुधा भौतिकशास्त्र. आपल्या मुलांची गाडी तिथेच अडते, कारण दहावीपर्यंत उर्दू किंवा मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला अकरावीत एकदम इंग्रजी पुस्तक, इंग्रजी संज्ञा आणि गणिती उदाहरणे यांना एकाच वेळी तोंड द्यावे लागते.

भाषेची अडचण खरी आहे, पण ती नीटमध्ये तरी तुम्हाला अडवू शकत नाही. नीट मराठीत देता येते. उर्दूतही देता येते. उर्दूचा पर्याय आपोआप मिळालेला नाही. स्टुडंट्स इस्लामिक ऑर्गनायझेशन ही संघटना त्यासाठी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 2018 पासून उर्दू प्रश्नपत्रिका आली. हक्क मिळाला आहे, तो वापरायचा की नाही हे तुम्ही ठरवा. फक्त हे ध्यानात ठेवा की शिरवळमध्ये पाऊल ठेवल्यावर शिकवणे इंग्रजीतच आहे. म्हणून अकरावीपासून प्रत्येक धड्याच्या संज्ञांची इंग्रजी आणि मराठी किंवा उर्दू अशी दोन रकान्यांची वही ठेवा. सहा महिन्यांत फरक दिसेल.

दुसरी गोष्ट पुस्तकांची. नीटच्या जीवशास्त्राचा पाया एनसीईआरटीची पुस्तके आहेत. राज्य मंडळाचा विद्यार्थी कॉलेजात मंडळाचे पुस्तक वाचतो आणि नीटमध्ये एनसीईआरटीच्या ओळीवरून आलेला प्रश्न त्याला नवा वाटतो. ही पुस्तके संकेतस्थळावर फुकट मिळतात, उर्दूतही आहेत. महागड्या क्लासचे पैसे नाहीत म्हणून रडण्याआधी ही दोन पुस्तके, अकरावीचे आणि बारावीचे, तीन वेळा वाचून व्हायला हवीत.

हे विषय नीटनंतर संपत नाहीत. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन येते, तिथे बारावीचे रसायन लागते. औषधशास्त्रात तेच पुन्हा लागते. क्ष-किरण आणि सोनोग्राफी समजायला भौतिकशास्त्र लागते. पशुपैदास शिकताना संख्याशास्त्र लागते, तिथे गणित घेतलेल्याला सोपे जाते.

याचे जिवंत उदाहरण सातारा जिल्ह्यातच आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. आपल्या भागातली दख्खनी मेंढी बहुतेक वेळा एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनातली गरोळे ही बुटकी मेंढी जुळी देते, कारण तिच्यात एक विशिष्ट जनुक असते. ते जनुक संकरातून दख्खनी मेंढीत आणायचे, पण तिचा मोठा बांधा आणि काटकपणा राखायचा, असे हे काम होते. प्रत्येक पिढीत कुठल्या कोकरात जनुक आले हे रक्त तपासून पाहायचे, वजने मांडायची, कोण ठेवायचे ते ठरवायचे. मेंढपाळाचा अनुभव, जीवशास्त्र आणि आकडेमोड अशा तिन्ही गोष्टी त्यात लागल्या. अकरावीत हे विषय वेगवेगळ्या तासांना शिकवतात म्हणून ते वेगळे वाटतात, एवढेच.

आपल्याला याचे काय

आता मुख्य मुद्दा. पशुवैद्यक व्हावे असे मी इतक्या आग्रहाने का म्हणतो? नोकऱ्या आहेत म्हणून? त्या आहेतच. पशुधन विकास अधिकारी हे राज्य सरकारचे गट-अ पद आहे आणि 2025 मध्ये लोकसेवा आयोगाने त्याच्या 2795 जागांची जाहिरात काढली. शिवाय दूध संघ, कुक्कुटपालन कंपन्या, विमा, शहरातले पाळीव प्राण्यांचे दवाखाने आहेत. पुण्याच्या औंधला जनावरांच्या लसी तयार करणारी सरकारी संस्था आहे. पण नोकरी हे कारण प्रत्येक अभ्यासक्रमाला लावता येते.

आपले कारण वेगळे आहे. सातारा-सांगलीच्या गावगाड्यात मुलाणी हा बलुतेदार होता. जत्रेतल्या बकऱ्यापासून रोजच्या मटणापर्यंत त्याचे काम. खाटीक आणि कुरेशी बिरादरी जनावरांच्या व्यापारात पिढ्यान्पिढ्या आहे. लोणंद, आटपाडी, मिरजेच्या बाजारात आपली माणसे दिसतात. बकरा पाहून वजन सांगणारे, जबडा उघडून वय सांगणारे, लेंडी पाहून पोट बिघडल्याचे ओळखणारे आजोबा आणि चाचा आपल्याकडे घरोघरी आहेत. कुरबानीच्या बकऱ्याचे दात पाहायला आठ वर्षांचा पोरगाही शिकतो. शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात आणि खालच्या दुधाच्या दातांच्या जागी कायमची पहिली जोडी साधारण वर्ष उलटल्यावर येते, हे त्याला पुस्तकाशिवाय माहीत असते. शिरवळच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात तेच शास्त्र म्हणून शिकवतात.

म्हणजे जनावरांचे ज्ञान आपल्याकडे आहे, पण दाखला नाही. आणि आजच्या काळात सगळा व्यवहार दाखल्यावर चालतो. जनावर वाहनातून न्यायचे तर ते प्रवासाला योग्य असल्याचे पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र लागते, हा 1978 च्या वाहतूक नियमांपासूनचा दंडक आहे. कत्तलखान्यात जनावर कापण्यापूर्वी पशुवैद्यकाने तपासायचे असते. 2001 च्या नियमांनुसार एका पशुवैद्यकाने तासाला 12 आणि दिवसाला 96 पेक्षा जास्त जनावरे तपासायची नाहीत. कापल्यानंतर मांसाची तपासणी वेगळी. 2015 च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात गाईसोबत बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून कुठले जनावर कायद्यात बसते आणि कुठले नाही, याला आणखी महत्त्व आले. या प्रत्येक टप्प्यावर सही पशुवैद्यकाची असते आणि टेबलाच्या अलीकडे हात जोडून उभा असतो तो आपला माणूस.

2025 च्या पावसाळ्यात राज्यातल्या कुरेशी समाजाने जनावरांची खरेदी-विक्री बंद ठेवली. रस्त्यात गाड्या अडवून होणारी मारहाण आणि छळ असह्य झाला होता. तो प्रश्न कायदा-सुव्यवस्थेचा आहे, दोन-चार पशुवैद्यक झाल्याने तो सुटणार नाही, हे मला कळते. पण त्या आंदोलनात एक उणीव जाणवली. कायद्यातले कलम, प्रमाणपत्राचा नमुना, जनावराची जात आणि वय याबद्दल शास्त्राच्या भाषेत अधिकाऱ्यासमोर बोलू शकणारी माणसे आपल्यात फार थोडी होती. वकील शोधावा लागला, पशुवैद्यक तर शोधूनही मिळेना.

इथे गैरसमज नको. ‘आपला डॉक्टर असला की आपली कागदपत्रे सहज होतील’ असे जर कोणी मनात म्हणत असेल, तर त्या मुलाने शिरवळला जाऊच नये. सही नात्यागोत्यासाठी नसते. आजारी जनावर आपल्या मामाचे असले तरी ते आजारीच असते. घरात कागद वाचता येणारा माणूस हवा, आणि आपल्या धंद्याला आतून ओळखणारा कोणी त्या क्षेत्राचे नियम ठरतात त्या बैठकीत हवा. स्वच्छ कत्तलखाना, जनावराला कमीत कमी यातना, कातड्याची आणि टाकाऊ भागाची नीट विल्हेवाट, खाटकाला प्रशिक्षण, या गोष्टी आपल्याच फायद्याच्या आहेत. त्या मागायला अभ्यास लागतो.

चार शंका

पहिली शंका प्रतिष्ठेची. ‘गुरांचा डॉक्टर’ म्हणून नाक मुरडतात. ज्या मुलाला एमबीबीएस मिळाले नाही तो तिकडे जातो, असा समज आहे. 2022 मध्ये लम्पी आजार आला तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी कोणाची वाट पाहिली ते आठवा. राज्यात 2019 च्या पशुगणनेत सुमारे 1 कोटी 6 लाख शेळ्या मोजल्या गेल्या. शेळी ही गरिबाची बँक आहे आणि तिच्या मालकिणी बऱ्याचदा आपल्याच घरातल्या अम्मी आणि दादी. ती बँक वाचवणाऱ्याला कमी लेखायचे कारण मला दिसत नाही.

दुसरी शंका दीनदार घरांतून येते: कुत्रा आणि डुक्कर हाताळावे लागेल का? हो, अभ्यासक्रमात दोन्ही आहेत. पण हाताळणे वेगळे, खाणे वेगळे. आपल्या भागात बहुतेक लोक हनफी आहेत. त्या मताप्रमाणे कुत्र्याची लाळ नापाक आहे, ती लागली तर धुवायची. कोकणातल्या शाफई घरांत धुण्याचा नियम अधिक कडक आहे, तोही पाळता येतो. हातमोजे, ॲप्रन आणि साबण दवाखान्यात असतातच. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची आणि मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. जिबह करतानाही जनावराला त्रास कमी व्हावा, सुरी धारदार असावी ही शिकवण आहे. मुक्या जिवाचे दुखणे बरे करणे या शिकवणीच्या बाहेरचे कसे असेल? ज्याला अजून शंका असेल त्याने आपल्या मौलानांना जरूर विचारावे, पण अकरावीचा अर्ज भरण्यापूर्वी विचारावे.

तिसरी शंका मुलींबद्दल. गोठ्यात काम, रात्रीअपरात्री बोलावणे, वसतिगृहात राहणे. पशुवैद्यकाचे काम फक्त गोठ्यात नसते. प्रयोगशाळा, लस, अन्नसुरक्षा, संशोधन, अध्यापन, शहरातले दवाखाने हे सगळे त्यातच येते. आणि गावात शेळ्या-कोंबड्या बायकाच पाळतात, तर त्यांच्याशी मोकळेपणी बोलणारी डॉक्टर मुलगी असेल तर बरेच. शिरवळ घरापासून एसटीने जाता येईल एवढ्या अंतरावर आहे. अब्बूंनी एकदा सोबत जाऊन वसतिगृह पाहून यावे. न पाहता नाही म्हणू नये.

चौथी शंका कोणी मोठ्याने बोलत नाही. गाय-बैलावरून इतके राजकारण चालले असताना मुसलमान पोराने गुरांच्या दवाखान्यात उभे राहावे का? माझे उत्तर आहे, जरूर राहावे. अडलेली गाय सोडवणाऱ्या डॉक्टरचे नाव शेतकरी विचारतो ते पुढच्या वेळी त्यालाच बोलवायचे म्हणून. गावात विश्वास भाषणांनी तयार होत नाही, अशाच कामांनी होतो.

कागद आणि तारखा

विषय बरोबर निवडले, नीटला चांगले गुण पडले, तरी दोन ठिकाणी प्रवेश हुकतो.

एक म्हणजे अर्ज. नीटचा निकाल लागला की एमबीबीएससाठी केलेल्या नोंदणीत पशुवैद्यकही येते असे अनेकांना वाटते. तसे नाही. पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा प्रवेश अर्ज वेगळा असतो आणि तो त्यांच्याच संकेतस्थळावर भरायचा असतो. देशपातळीवरच्या 15 टक्के जागांची प्रक्रिया भारतीय पशुवैद्यक परिषद स्वतंत्रपणे करते. दोन्हींच्या तारखांवर लक्ष ठेवा.

दुसरे म्हणजे जातीचा दाखला. मुलाणी, खाटीक, बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन अशा कितीतरी मुस्लिम बिरादऱ्या महाराष्ट्रात ओबीसी यादीत आहेत. शब्बीर अहमद अन्सारी यांच्यासारख्यांनी अनेक वर्षे चळवळ केली म्हणून आज हा हक्क कागदावर आहे. पण त्यासाठी जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि वैधतेसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर बऱ्याचदा नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले सापडते. मग चुलत आजोबांचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, जुना सातबारा असे शोधत बसावे लागते. या कामाला महिने लागतात. ते बारावीच्या निकालानंतर सुरू केले तर वेळेत होत नाही. अकरावीत प्रवेश घेतला त्याच महिन्यात सुरू करा.

मोहल्ल्याने काय करावे

प्रत्येक वेळी सरकारकडे बोट दाखवून आपले काम संपत नाही. तीन गोष्टी आपण स्वतः करू शकतो, आणि त्यांना पैसा लागत नाही.

दहावीच्या निकालानंतरच्या पहिल्या दोन जुम्म्यांना नमाजनंतर मशिदीच्या आवारात किंवा जवळच्या वाचनालयात एक टेबल लावा. सायन्स शिकलेले दोन जण तिथे बसवा. अर्ज भरण्यापूर्वी प्रत्येक मुलामुलीला एवढेच विचारा: जीवशास्त्र का सोडतोस? उत्तर विचार करून दिलेले असेल तर ठीक. ‘सगळे सोडतात म्हणून’ असे असेल तर त्याला अर्धा तास बसवून घ्या.

दुसरे, आपल्यात इंजिनियर बरेच झाले आहेत. पुण्यात, मुंबईत, बंगळूरला बसून कोड लिहिणारे आम्ही सगळे एकेकाळी भौतिकशास्त्र आणि गणित घेऊनच पुढे गेलो. नीटमध्ये आमच्या धाकट्या भावंडांची गाडी भौतिकशास्त्रातच अडते. रविवारी दोन तास व्हिडिओ कॉलवर चार मुलांना उदाहरणे सोडवायला शिकवणे आम्हाला जमणारे आहे. या रविवारपासून मी बारावीच्या मुलांसाठी तास सुरू करतो आहे, तुम्हीही आपापल्या गावच्या मुलांसाठी करा.

तिसरे, अकरावीच्या मुलांना एकदा शिरवळला घेऊन जा. आधी परवानगी घ्या आणि मगच जा. तिथल्या दवाखान्यात बांधलेली म्हैस, तपासणीच्या टेबलावरचे कुत्रे आणि पांढऱ्या कोटातली त्यांच्याच जिल्ह्यातली मुले-मुली त्यांनी डोळ्यांनी पाहावीत. येताना लोणंदच्या बाजारावरूनही या, म्हणजे शेळीच्या दातांबद्दल चाचा सांगतात ते आणि वर्गात शिकवतात ते एकच आहे हे त्यांना कळेल.

पुढच्या वर्षी अकरावीला जाणाऱ्यांनी एवढे मात्र करावे. अर्जात जीवशास्त्राचा रकाना दिसला की थांबा. तो सोडायचा असेल तर का सोडतो आहोत ते एका कागदावर दोन ओळींत लिहा आणि घरातल्या मोठ्यांना दाखवा. लिहिता आले नाही, तर जीवशास्त्र घ्या.